सानुग्रह की भरपाई? हवामानबदलाच्या कायद्याविषयी वाचकांचे प्रश्न

हवामानबदलाविषयी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी आपले सल्लागारी मत दिले. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत श्रीमंत आणि गरीब देशांच्या जबाबदारीविषयीचे प्रश्न वाढले आहेत. त्यांतील पाच येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे गाव पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठी आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरात छातीइतके पाणी होते आणि आडसाली ऊस उभ्याचा उभा कुजला. पंचनामा झाला, काही महिन्यांनी सानुग्रह अनुदान खात्यावर जमा झाले. आता वाचनात येते की, ज्या देशांनी धूर सोडला त्यांनी पूरग्रस्त देशांना भरपाई द्यावी असा निधी उभा राहिला आहे. त्यातून आमच्यासारख्यांना काही मिळेल का? (एक ऊस उत्पादक, जिल्हा सांगली)

उत्तर : तुमच्या खात्यावर त्यातून काही जमा होईल अशी आशा धरू नये. हा निधी देशांसाठी आहे, व्यक्तींसाठी नाही, आणि त्यात अत्यल्पविकसित देशांसाठी व लहान बेटांसाठी किमान वाटा राखून ठेवण्याचे ठरले आहे. तरीही तुमच्या पत्रात तुम्ही सहज वापरलेले दोन शब्द, ‘सानुग्रह’ आणि ‘भरपाई’, हेच या संपूर्ण वादाचे मूळ असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

सानुग्रह म्हणजे अनुग्रहासहित, कृपा म्हणून दिलेले. देणाऱ्याची चूक होती असे त्यात गृहीत नसते आणि घेणाऱ्याचा हक्क होता असेही नसते. भरपाईत मात्र कोणीतरी कोणाचे तरी नुकसान केले आहे आणि ते भरून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, हे आधी मान्य करावे लागते. पंचनाम्याच्या कागदावर दोन्हींची नोंद सारखीच दिसते. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

समुद्राची पातळी वाढून होणाऱ्या नुकसानीसाठी श्रीमंत देशांच्या पैशांतून एक विमा निधी असावा, असा प्रस्ताव प्रशांत महासागरातील वानुआतू या छोट्या देशाने बेटांच्या गटातर्फे १९९१ मध्ये, म्हणजे हवामानबदलाचा मूळ करार अजून लिहिला जात असतानाच, मांडला होता. तो स्वीकारला गेला नाही. १९९२ मध्ये करार झाला तेव्हा फिजी, किरिबाटी, नाऊरू आणि तुवालू यांनी सही करताना एक निवेदन जोडले. या करारामुळे, हवामानबदलाच्या दुष्परिणामांबद्दल इतर राष्ट्रांना आंतरराष्ट्रीय कायद्याखाली जबाबदार धरण्याचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही, असा त्याचा आशय होता. नकाशावर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या देशांनी त्या वेळी दाखवलेली ही कायदेशीर सावधगिरी मला आजही थक्क करते.

पुढे २०१५ च्या पॅरिस कराराच्या आठव्या अनुच्छेदात ‘हानी व नुकसान’ या विषयाला स्वतंत्र स्थान मिळाले. पण त्याच परिषदेच्या निर्णयाच्या ५१ व्या परिच्छेदात लिहून घेण्यात आले की, हा अनुच्छेद कोणत्याही दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार ठरणार नाही. एका हाताने विषय मान्य करायचा आणि दुसऱ्या हाताने त्यातले देणे काढून टाकायचे, असा तो व्यवहार होता.

२०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानात पूर आला. ३ कोटी ३० लाख लोकांना त्याची झळ पोहोचली, १,७०० हून अधिक माणसे दगावली आणि एकूण नुकसान ३,००० कोटी डॉलरहून अधिक भरले. त्या वर्षी विकसनशील देशांच्या ‘जी ७७’ गटाचे अध्यक्षपद पाकिस्तानकडेच होते. इजिप्तमधील शर्म अल शेख येथील हवामान परिषदेत निधीचा निर्णय झाला आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दुबईत त्याची रचना मंजूर झाली. वानुआतूच्या प्रस्तावानंतर एकतीस वर्षांनी निधीचे नुसते तत्त्व मान्य झाले. दुबईतील पहिल्या काही दिवसांत मिळून सुमारे ७० कोटी डॉलरची आश्वासने आली. त्यांत जर्मनी आणि संयुक्त अरब अमिरातीचे प्रत्येकी १० कोटी होते, तर अमेरिकेचे १ कोटी ७५ लाख. एकट्या पाकिस्तानच्या एका पुराचा आकडा शेजारी ठेवला की या रकमेचे माप कळते. शिवाय ही रक्कम ऐच्छिक आहे. कोणी किती द्यावे याचे सूत्र नाही. तुमच्या भाषेत सांगायचे तर हा निधी सानुग्रह आहे.

परंतु सानुग्रह म्हणजे कायमच देणाऱ्याची मर्जी, असेही नसते, आणि याचे उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये आपद्ग्रस्तांसाठी साहाय्याची किमान मानके ठरवावीत असे म्हटले असून त्यात जीवितहानीबद्दलच्या सानुग्रह साहाय्याचा उल्लेख आहे. कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांच्या प्रकरणात ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कलमाची भाषा आज्ञार्थी आहे, तेव्हा असे साहाय्य सुचवणे प्राधिकरणाच्या इच्छेवर सोडलेले नाही. रक्कम ठरवणे न्यायालयाने सरकारकडेच ठेवले. नंतर ती प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपये ठरली. शब्द अनुग्रहाचाच राहिला, पण तो करणे भाग पडले.

हेगच्या मताचे महत्त्व याच दिशेने आहे. न्यायालयाने एकमताने सांगितले की, हवामानव्यवस्थेला गंभीर हानी पोहोचू न देणे हे राष्ट्रांचे कर्तव्य केवळ करारांतून आलेले नाही, ते रूढ, म्हणजे राष्ट्रांच्या प्रथेतून घडलेल्या, आंतरराष्ट्रीय कायद्यातही आहे. आणि ते मोडल्यास, कार्यकारणसंबंध पुरेसा सिद्ध होत असेल तर, पूर्ण भरपाईपर्यंत जबाबदारी जाऊ शकते. हवामान करारांमुळे राष्ट्रांच्या जबाबदारीचे सर्वसाधारण नियम बाजूला पडतात, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. थोडक्यात, १९९२ मध्ये चार बेटांनी जे जपून ठेवले होते ते जपून ठेवण्याजोगे होते. हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेण्याची कल्पना प्रशांत महासागरातील कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये मांडली होती आणि वानुआतूने ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपर्यंत पोहोचवली. मत बंधनकारक नाही, त्यामुळे उद्या कोणी धनादेश लिहील असे नव्हे. तुमच्या गावच्या पुरात पावसाचा वाटा किती, धरणांच्या पाण्याचा किती आणि नदीपात्रातील बांधकामांचा किती, हा कार्यकारणाचा वाद तर सांगलीकरांना मी सांगायला नको.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. एकूण उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रमांक आहे, हे पाठ्यपुस्तकाबाहेर मुलांनाही माहीत असते. मग आपण ‘गरीब देश’ म्हणून सवलत कोणत्या तोंडाने मागतो, असे एका मुलीने विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. (एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : विद्यार्थिनीचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मोजमाप कोणते धरायचे यावर अवलंबून आहे. देशाचे एकूण उत्सर्जन धरले तर भारत तिसरा. दरडोई धरले तर कोळसा, तेल व वायू जाळून होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन भारतात माणशी सुमारे २ टन, चीनमध्ये सुमारे ८ आणि अमेरिकेत सुमारे १४ टन आहे. आणि औद्योगिक क्रांतीपासूनची बेरीज धरली, तर एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास पाव भरतो, भारताचा तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके वातावरणात टिकतो, त्यामुळे ही तिसरी बेरीज केवळ इतिहासाची नाही. आजचे तापमान तिच्यामुळेच आहे.

१९९२ च्या करारातील तत्त्वाचे नाव ‘सामाईक परंतु भिन्न जबाबदाऱ्या आणि आपापल्या क्षमता’ असे लांबलचक आहे. मुलांना ते सामाईक विहिरीवरून समजावता येईल. सातबाऱ्यावर विहीर चौघांच्या नावे सामाईक असते, पाणी मात्र ठरलेल्या पाळीने घ्यायचे असते. एका भावाने चाळीस वर्षे दिवसरात्र मोटार चालवून बागायत केली, बंगला बांधला, आणि पाणी तळाला गेल्यावर तो म्हणू लागला की आता विहीर वाचवायची तर सगळ्यांनी सारखीच काटकसर करू, तर बाकीचे तिघे त्याला काय म्हणतील हे मुले आपणहून सांगतील. दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हा मुद्दा नेमका मांडला होता: पोट भरण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन एका तराजूत तोलता येणार नाही.

पण विद्यार्थिनीला दुसरी बाजूही सांगावी. १९९२ मध्ये श्रीमंत देशांची नावे परिशिष्टांत लिहिली गेली आणि तो कागद जवळजवळ तसाच राहिला. कतार, सौदी अरेबिया, सिंगापूर, दक्षिण कोरिया त्या यादीत नाहीत. तुर्कस्तान मात्र पैसे देणाऱ्यांच्या यादीत होता आणि तेथून नाव काढून घेण्यासाठी त्याला २००१ पर्यंत खटपट करावी लागली. चीनची आजवरची बेरीज आता युरोपीय संघाच्या पंगतीला येऊन बसली आहे. विकसित आणि विकसनशील हे दर्जे कायमचे नाहीत, असे हेगच्या न्यायालयानेही नोंदवले आहे. माझे स्वतःचे मत असे की, भारताची बाजू दरडोई हिशोबावर भक्कम आहे. चीनच्या पाठीमागे उभे राहून ती मांडली की कमकुवत होते.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तासाला सांगण्यात आले की क्योटो बंधनकारक होता आणि पॅरिस लवचीक आहे. नेमके काय बदलले? (विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जपानमधील क्योटो येथे १९९७ मध्ये झालेल्या करारात केवळ विकसित देशांवर आकडे लादले गेले: २००८ ते २०१२ या काळात उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी घटवायचे. विकसनशील देशांवर बंधन नसेल असा करार नको, हा ठराव अमेरिकी सिनेटने त्याआधीच ९५ विरुद्ध ० मतांनी केला होता, त्यामुळे अमेरिकेने सही केली पण मान्यता कधीच दिली नाही. कॅनडा तर २०११ मध्ये बाहेरच पडला. बंधन होते, पण पाळायला लावणारा कोणी नव्हता. पॅरिसमध्ये उलटे झाले: प्रत्येक देशाने आपला आकडा आपणच ठरवायचा आणि दर पाच वर्षांनी वाढवायचा. भिन्न जबाबदारीच्या तत्त्वापुढे ‘निरनिराळ्या राष्ट्रीय परिस्थितीच्या प्रकाशात’ अशी पुस्ती जोडली गेली.

कायदा शिकणाऱ्याने एक प्रसंग मात्र बारकाईने पाहावा. १२ डिसेंबर २०१५ रोजी, शेवटच्या मसुद्यात, अनुच्छेद ४ च्या चौथ्या परिच्छेदात विकसित देशांनी उत्सर्जनकपातीत पुढाकार घेण्याच्या वाक्यात ‘शॅल’ हा शब्द आलेला अमेरिकेच्या वकिलांच्या नजरेस पडला. इंग्रजी कायद्यात ‘शॅल’ म्हणजे बंधन; तो राहिला असता तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता. अंतिम सभा खोळंबली. मग ‘तांत्रिक दुरुस्त्यां’च्या यादीत, स्वल्पविराम आणि परिच्छेद क्रमांकांच्या चुकांबरोबर, ‘शॅल’च्या जागी ‘शुड’ असे वाचून दाखवण्यात आले आणि काही मिनिटांत हातोडा पडला. आपल्या मराठी अधिनियमांत ‘शॅल’साठी ‘करील’, ‘राहील’ अशी रूपे येतात. ‘शुड’ म्हणजे ‘करावे’. एका क्रियापदाचे रूप बदलले आणि बंधनाचा उपदेश झाला. वर सांगितलेल्या कलम १२ च्या निकालाशी हे ताडून पाहिल्यास, त्या एका शब्दासाठी सभा का खोळंबली ते ध्यानात येईल.

पैशांचे वाक्य मात्र वाचले. विकसित देश विकसनशील देशांना अर्थसाहाय्य ‘देतील’, हे नवव्या अनुच्छेदात ‘शॅल’नेच लिहिलेले आहे. किती, ते लिहिलेले नाही. २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केलेले वर्षाकाठी १० हजार कोटी डॉलर २०२० पर्यंत मिळायचे होते; श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या मोजणीप्रमाणे त्या वर्षी ८,३३० कोटी झाले आणि उद्दिष्ट प्रथम २०२२ मध्ये गाठले गेले. त्यातही सरकारी पैशाचा मोठा हिस्सा कर्जाचा होता. पूरग्रस्ताला पीककर्ज द्यायचे आणि मदतीच्या रकान्यात लिहायचे, असा हा हिशोब आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १ लाख ३० हजार कोटी डॉलर मागितले असता २०३५ पर्यंत वर्षाला ३० हजार कोटींवर हातोडा पडला, आणि तोही आक्षेप नोंदवण्यासाठी भारताला बोलू देण्याच्या आधी. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी नंतर त्या दस्तऐवजाला दृष्टिभ्रम म्हटले. विद्यार्थ्याने मूळ करारातील अनुच्छेद ४ चा सातवा परिच्छेदही वाचावा: विकसनशील देश आपली कर्तव्ये कितपत पार पाडतील हे विकसित देश पैसा व तंत्रज्ञानाची वचने कितपत पाळतात यावर अवलंबून राहील, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. परीक्षेत हा परिच्छेद क्वचितच विचारला जातो.

प्रश्न : मुंबईत एका कुटुंबाच्या दाराशी चार गाड्या आणि प्रत्येक खोलीत एसी, तर मेळघाटात आजही चूल. दरडोई सरासरीत दोघेही दोन टनांचेच! हा न्याय कसा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : न्याय नाही. आंतरराष्ट्रीय कायदा राष्ट्रांमधला असल्याने तो देशाच्या उंबरठ्यापाशी थांबतो. आतली वाटणी घरच्या कायद्याने करायची असते. मेळघाटातील चुलीचा आधार घेऊन मागितलेली सवलत मुंबईच्या गाड्यांनी वापरून टाकावी, हा आक्षेप खराच आहे. म्हणून श्रीमंत देशांवरचे देणे कमी होत नाही, पण आपले तोंड थोडे बंद होते. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात म्हटले आहे. त्या हक्काचा उपयोग उन्हात काम करणारा मजूर कसा करून घेईल, हे पुढील खटल्यांतून दिसेल.

प्रश्न : आमचे नट-बोल्ट बनवण्याचे छोटे युनिट आहे आणि माल जर्मनीला जातो. तिकडच्या खरेदीदाराने कार्बनच्या माहितीचा तक्ता पाठवला आहे. भरला नाही तर पुढची ऑर्डर नाही, असे सुचवले आहे. हा युरोपचा कर गरीब देशांवर अन्याय नाही का? आणि आम्ही करायचे काय? (एक लघुउद्योजक, भोसरी)

उत्तर : युरोपीय संघाच्या या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेत, म्हणजे आयात मालावरील कार्बनच्या आकारणीत, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन येतात, पोलादाचे नट-बोल्ट आणि स्क्रूही यादीत आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचे दायित्व सुरू झाले. युरोपचे म्हणणे असे की, आमच्या कारखान्यांना कार्बनची किंमत मोजावी लागते, तर बाहेरून येणाऱ्या मालाने का मोजू नये. युक्तिवाद तर्काला धरून आहे. परंतु ज्या देशांनी पूर्वी फुकट जाळले आणि ज्यांनी आता कोठे जाळायला सुरुवात केली, त्यांना टनामागे एकच दर लावला की करारातील ‘भिन्न’ हा शब्द सीमेवरच गळून पडतो. मूळ कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदात असेही म्हटले आहे की, हवामानाच्या नावाखाली केलेले उपाय व्यापारावरील छुपे निर्बंध ठरू नयेत. वसूल झालेली रक्कम युरोपीय तिजोरीत जाते. ती निर्यातदार गरीब देशांना भट्ट्या बदलण्यासाठी परत दिली गेली असती तर माझा आक्षेप निम्मा झाला असता.

आता तुमच्या तक्त्याकडे वळू. पैसे भरण्याचे दायित्व आयातदाराचे आहे, तुमचे नाही. पण तो ते भावातून वळते करून घेणार हे तुम्ही ओळखलेच असेल. आयातदाराकडे अशा मालाची वर्षभरातील एकूण आवक ५० टनांपर्यंतच असेल तर त्याला २०२५ च्या दुरुस्तीने सूट आहे, तेव्हा त्याची आवक किती ते आधी विचारावे. भारतात कार्बनची किंमत मोजली गेली असल्यास ती वजा करण्याची तरतूद आहे. आपल्याकडील कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली असली तरी तुमच्या युनिटाला आज तिचा उपयोग नाही. बोल्टमागील बहुतेक उत्सर्जन तुमच्या शेडमध्ये होतच नाही, ते वायर रॉड ज्या पोलाद कारखान्यात तयार झाली तेथे होते. त्या कारखान्याने आकडे दिले नाहीत तर युरोप स्वतःचे ठोकळ आकडे लावतो आणि ते सहसा जड पडतात. म्हणून वायर रॉडच्या पुढच्या खरेदीच्या वेळी बिलाबरोबर हीट नंबरनिहाय (पोलादाच्या प्रत्येक वितळणीच्या क्रमांकानुसार) उत्सर्जनाचा पडताळलेला दाखला मागावा, आणि व्यापाऱ्यामार्फत माल घेत असाल तर तो मूळ कोणत्या कारखान्याचा आहे हे लेखी घ्यावे. एकट्या छोट्या युनिटाला मोठा कारखाना दाद देत नाही, असा अनुभव येईल. औद्योगिक वसाहतीतील दहा-बारा युनिटांनी मिळून एकच पत्र पाठवल्यास उत्तर येण्याची शक्यता बरी असते.